डबा सत्त्याऐंशी पट लहान, रंगाचा थर मात्र तेवढाच

मॉडेल रेल्वेत सगळ्यांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खरी गाडी ८७ पट लहान केली की ते माप मिळतं. २१.३४ मीटरचा आपला जुना निळा आयसीएफ (पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचा) डबा या मापात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो आणि अभ्यासाच्या टेबलावर आरामात मावतो. गोम रंगात आहे. डबा लहान झाला म्हणून रंगाचा थर आपोआप पातळ होत नाही. ब्रशने दोन हात मारले आणि ०.१ मिलिमीटर जाडी चढली, तर हिशेबाने खऱ्या डब्यावर जवळजवळ ९ मिलिमीटरचा गिलावा झाला. रिव्हेटचे ठिपके बुजतात, दाराची फट भरते, खिडकीच्या कडा गोलावतात. रंगाची छटा हुबेहूब जुळली तरी डबा खेळण्यातलाच दिसतो.

म्हणून या छंदातली सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी असते: थर शक्य तितका पातळ हवा, तरी तो पक्का धरला पाहिजे. आधी धुवायचं का, प्रायमर का, ब्रश सोडून फवारा का, मध्ये दिवसच्या दिवस थांबायचं का, ही सगळी उत्तरं तिथूनच निघतात. हे एकदा डोक्यात बसलं की पायऱ्या पाठ करायची गरज राहत नाही.

बेळगावात गाड्यांची हौस जुनी आहे. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर अडकलेल्या स्कूटरवाल्यांत एखादा तरी असा असतोच, जो वैतागण्याऐवजी इंजिनाचा नंबर वाचत उभा राहतो. पण भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं बाजारात थोडी आणि महाग. त्यामुळे आपल्याकडची मंडळी दोन वाटांनी जातात. काही जण परदेशी डबे-इंजिन घेऊन त्यांना आपला रंग चढवतात, काही जण कार्डशीट किंवा सनबोर्डचा डबा स्वतःच उभा करतात. दोन्हीकडे घोडं अडतं ते रंगापाशीच.

आधी साल ठरवा

‘राणी चन्नम्मा एक्सप्रेस रंगवायला घेतोय’ एवढ्यावर भागत नाही. कुठल्या सालची राणी चन्नम्मा? मिरज-लोंढा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्याआधीची गाडी हवी असेल तर मीटरगेज आलं, म्हणजे डबे वेगळे, रंग विटकरी आणि एचओ मापात रूळसुद्धा १२ मिलिमीटरचे. त्यानंतरचा मोठा काळ गडद निळ्यावर फिकट निळ्या पट्ट्याचा. २०१८ पासून जुने डबे सुधारायच्या ‘उत्कृष्ट’ योजनेत काही आयसीएफ डबे बदामी-तपकिरी झाले. त्याच वर्षी जानेवारीत पेरांबूरच्या कारखान्याने जुन्या धाटणीचे आयसीएफ डबे बांधणं थांबवलं आणि लाल-करडे एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन धाटणीचे डबे सगळीकडे दिसू लागले. एलएचबी अंगाने लांब, २३.५४ मीटर. एचओत तो सत्तावीस सेंटिमीटर भरतो. आयसीएफच्या सांगाड्यावर लाल रंग मारून एलएचबी होत नाही, जाणकार माणूस दारातूनच ओळखतो.

सालावरून बाकीचंही ठरतं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं, तेव्हा पाट्या कोणत्या काळातल्या दाखवायच्या ते बघावं लागतं. गाडीपुढे विजेचं इंजिन जोडायचं असेल तर वर तारा आल्यानंतरचाच काळ घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली पुणे-हुबळी वंदे भारत शेजारच्या रुळावर आणि इकडे मीटरगेजच्या काळातला विटकरी डबा, असं मिश्रण टेबलावर कुणी अडवत नाही. मला मात्र ते खटकतं.

रंगाची छटा मोबाईलच्या फोटोवरून जुळवू नका. कॅमेरा स्वतःच्या मर्जीने रंग गरम-थंड करतो. दुपारी बाराचा डबा आणि संध्याकाळी सहाचा डबा दोन वेगळ्या निळ्यांत येतात. त्यापेक्षा ‘आयएस ५’ या भारतीय मानकाचं शेडकार्ड मिळवा. त्यात प्रत्येक रंगाला क्रमांक आहे. गोल्डन यलो ३५६, सिग्नल रेड ५३७, असे. गाड्या रंगवणाऱ्यांना लागणारा रंग देणारी दुकानं शेड जुळवून थोडासा रंगही बनवून देतात. त्यात अगदी थोडा पांढरा मिसळा. घरातल्या उजेडात लहान वस्तूवरचा रंग नेहमीपेक्षा गडद भासतो, खरा रंग जसाच्या तसा मारला तर डबा काळवंडलेला दिसतो.

जुना रंग काढताना

डब्याचं अंग आणि खालची चौकट बहुधा खाचांनी अडकवलेली असतात. बाजू अलगद फाकवून नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवायची. इंजिनाला पोटाखाली किंवा कपलरजवळ स्क्रू असतात. काचा, दिवे, आतल्या खुर्च्या, सगळं बाहेर काढायचं.

जुना रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. डबा त्यात बुडवून ठेवायचा, काही तासांनी जुन्या टूथब्रशने घासायचा. सगळेच रंग सुटत नाहीत, पण प्लास्टिकला सहसा इजा होत नाही. तरी आतल्या बाजूला कोपऱ्यात एकदा लावून बघा. अ‍ॅसिटोन आणि एनसी थिनर मात्र लांब ठेवा. मॉडेलचं अंग स्टायरीन किंवा एबीएसचं असतं, या दोघांत ते विरघळतं. आणि घरी बनवलेल्या डब्यात कुठे थर्माकोल असेल तर स्प्रेच्या डब्यातलं द्रावण तो डोळ्यांदेखत खातं.

मग भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवायचं आणि सुकल्यावर उघड्या बोटांनी हात लावायचा नाही. बोटाला नुसतं तेल असलं तरी तिथे रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखी गोल खळी पडते.

रंगांच्या तीन जाती

दुकानात मुलं नेहमी विचारतात, ‘काका, प्लास्टिकवर कुठला चालतो?’ समोरून उत्तर येतं, ‘एनसी मारा की, पटकन वाळतंय.’ पटकन वाळतं हे खरं. पण सुकणं प्रत्येक जातीत वेगळ्या रीतीने होतं, आणि बहुतेक डबे बिघडतात ते यातच.

पहिली जात लॅकर, म्हणजे आपल्या बोलीतला डुको किंवा एनसी. यात रंग तीव्र द्रावणात विरघळलेला असतो. द्रावण उडून गेलं की थर घट्ट होतो. पुन्हा तेच द्रावण पडलं की तोच थर परत विरघळू शकतो. हे द्रावण खाली वेगळ्या जातीचा रंग असेल तर त्यालाही चावतं.

दुसरी जात इनॅमल, टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा ऑइलपेंट. यातलं टर्पेंटाइन काही तासांत उडतं आणि बोटाला कोरडं लागतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. आतलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतं आणि त्याला कित्येक दिवस लागतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे नाक. डबा नाकाशी धरा, वास येतोय तोवर रंग कच्चा.

तिसरी जात अ‍ॅक्रिलिक. पाणी उडतं, रंगाचे बारीक कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. वास कमी, थर पातळ, चूक लगेच पुसता येते. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. चित्रकलेच्या ट्यूबमधला अ‍ॅक्रिलिक मात्र भरड असतो. मॉडेलसाठी बनवलेला बारीक दळलेला रंग महाग पडतो, पण एका बाटलीत पुष्कळ डबे होतात.

आता कुठल्यावर काय? लॅकरवर अ‍ॅक्रिलिक चालतो, लॅकरवर इनॅमल चालतो, पक्क्या अ‍ॅक्रिलिकवर इनॅमल चालतो. इनॅमलवर लॅकर मारू नका, खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. शंका असेल तर प्लास्टिकच्या चमच्यावर आधी पूर्ण क्रम करून बघा.

प्रायमर या सगळ्यांच्या खाली. तो प्लास्टिकला धरतो आणि वरच्या रंगाला धरू देतो, शिवाय ओरखडे उघडे पाडतो. राखाडी प्रायमर सरसकट वापरतात, पण लाल आणि पिवळा हे मुळातच कमी झाकणारे रंग. एलएचबीचा लाल राखाडीवर मारला तर मळकट येतो, मग लोक आणखी हात मारतात आणि जाडी वाढते. लालाखाली पांढरा किंवा फिकट गुलाबी प्रायमर घ्या, कमी हातांत काम होतं.

मिरग लागल्यावर

बेळगावच्या हवेत रंगकाम करणाऱ्याने हा भाग नीट समजून घ्यावा. मिरगाचा पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत इथे हवा ओलसरच. अशा दिवसांत लॅकरचा स्प्रे मारला तर चकचकीत निळ्या डब्यावर थोड्या वेळात दुधी धुकं चढतं. रंग खराब निघाला म्हणून लोक दुकानदाराशी भांडायला जातात. कारण हवेत असतं. द्रावण भराभर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं, पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते. ते पाणी ओल्या रंगात अडकतं, त्याचंच धुकं दिसतं.

उपाय असे की, एकतर लॅकरचं काम दिवाळीनंतर ठेवा. नाहीतर थिनरमध्ये थोडं रिटार्डर घाला, म्हणजे ते सावकाश उडतं आणि पृष्ठभाग तितका गार होत नाही. धुकं चढलंच, तर कोरड्या दिवशी त्याच जातीच्या क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी पारदर्शक रंगाचा, हलका फवारा मारला की पुष्कळदा ते विरतं. पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिक सोपा, फक्त वाळायला जास्त वेळ घेतो.

ऐन आषाढ-श्रावणात आपल्या मूर्तिशाळांत कंप्रेसर आणि गन दिवसरात्र चालू असतात. तिथल्या पोरांचा हात बघण्यासारखा असतो: गन मूर्तीच्या बाहेर चालू होते, एका सरळ रेषेत अंगावरून जाते आणि पलीकडे गेल्यावर बंद होते. अंगावर चालू-बंद केली की ओघळ आलाच. डब्यालाही हाच नियम. मात्र मूर्ती दिव्याच्या उष्णतेत वाळवतात तसं डब्याचं करू नका. स्टायरीन शंभर अंशांच्या आतच मऊ पडतं आणि छत केळीच्या पानासारखं वाकतं.

एअरब्रश घ्यायचा असेल तर ०.३ मिलिमीटरचं नोझल, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर १० ते १५ सेंटिमीटर. रंग पातळ इतका, की भांड्याच्या कडेवरून खाली येताना पातळ पडदा मागे राहावा. स्प्रेचा डबा असेल तर २० ते २५ सेंटिमीटर. पहिला हात इतका हलका की खालचा प्रायमर दिसत राहील. झाकायची घाई तिसऱ्या हाताला करा. काम गच्चीवर किंवा उघड्या खिडकीशी, आणि तोंडाला द्रावणाच्या वाफा अडवणारा कार्ट्रिज मास्क. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. स्प्रेच्या डब्यातला वायू पेट घेणारा असतो, म्हणून देवघरातली समई किंवा गॅस जवळ नको.

पट्टे आणि अक्षरं

दोन रंगांचा डबा असेल तर फिकट रंग आधी. निळ्या आयसीएफला आधी खिडक्यांच्या ओळीवर फिकट निळा मारायचा, तो पक्का झाला की त्यावर टेप, मग गडद निळा. एलएचबीला आधी करडा. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी मास्किंग टेप भरड असते, कडेतून रंग झिरपतो. मॉडेलची बारीक टेप घ्या किंवा साधी टेप काचेवर चिकटवून धारदार ब्लेडने नवी कड कापा. आणखी एक युक्ती फार उपयोगी आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग हलका मारायचा. जे झिरपायचं ते खालच्याच रंगात झिरपतं, फट बंद होते आणि वरच्या रंगाची रेघ ब्लेडने ओढल्यासारखी येते. टेप काढताना उलटी दुमडून, अंगालगत, सावकाश.

अक्षरांपाशी बहुतेकांची दमछाक होते. घरातल्या प्रिंटरला पांढरी शाई नसते आणि डब्यावरची बरीच अक्षरं पांढरी किंवा पिवळी. नंबरप्लेट करणारा रेडियमवाला मदतीला येईल असं वाटतं, पण खऱ्या डब्यावरचं दहा सेंटिमीटरचं अक्षर एचओत १.१५ मिलिमीटर होतं. इतकं बारीक मशीन कापत नाही आणि रेडियमचा कागद जाड दिसतो. पांढऱ्या टोनरचा प्रिंटर असलेल्याकडून वॉटरस्लाइड डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून डब्यावर सरकवायची छापील पातळ चिकटपट्टी, करून घेणं हाच खरा मार्ग.

डेकल लावण्याआधी डब्यावर चकचकीत क्लिअर मारायचा. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. डेकलखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी डाग दिसतो. गुळगुळीत पृष्ठभागावर ती अडकत नाही. वरून डेकल मऊ करणारं द्रावण लावलं की तो रिव्हेटवर बसतो. शेवटी सगळ्यावर मॅट क्लिअर, म्हणजे डेकलची कड नाहीशी होते.

नंबर मनाने टाकू नका. जुन्या पद्धतीत पहिले दोन अंक बांधणीचं वर्ष सांगतात आणि पुढचे तीन डब्याचा प्रकार. २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल. वातानुकूलित डब्यावर ९८२१५ लिहिलं की बघणारा गालात हसतो.

बारकावे

इथे मोह आवरावा लागतो. डोळा जिथे जातो तिथेच काम करा: दारांशेजारचे दांडे, टोकाचे बफर आणि होसपाइप, छतावरची हवेची भोकं. प्लास्टिकचे ओतीव दांडे तासून ०.३ मिलिमीटरची पितळी तार बसवा. ती खऱ्या मापात २६ मिलिमीटर होते, म्हणजे दांड्याची जाडी अगदी बरोबर. पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने, भोक, आतून सुपरग्लूचा थेंब.

खिडक्यांचं एक लपलेलं दुखणं आहे. मॉडेलची भिंत एक मिलिमीटर जाड असेल तर मापाने ती जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटरची भिंत झाली. खिडकीच्या जाडीची ही कड काळ्या-करड्या रंगाने झाकली की भिंत पातळ भासते. साध्या डब्यात संकटकालीन खिडकी लाल करायला विसरू नका. शेवटच्या डब्याच्या पाठीवर पिवळी फुली आणि ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी हवीच.

रुळांचं काय, असं कुणी तरी विचारतंच. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, एचओत ते १९.३ मिलिमीटर यायला हवं. बाजारातला रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजसाठी बनलेला. म्हणजे आपले डबे जरा अरुंद पायांवर उभे राहतात. बहुतेक जण हे सोडून देतात, मीही.

मळ कुठे साचतो

नवा कोरा डबा खोटा दिसतो, हे खरं. पण हल्ली प्रत्येक मॉडेल भंगारातून ओढून आणल्यासारखं माखायची जी लाट आहे, ती मला पटत नाही. मळ कुठून येतो ते कळलं तर किती लावायचा ते आपोआप कळतं.

आयसीएफ डब्यात ब्रेकचा ठोकळा थेट चाकाच्या धावेवर घासतो. त्या घर्षणाची तांबूस-तपकिरी धूळ बोगी (इथे बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा) आणि डब्याच्या खालच्या कडेवर बसते. एलएचबीच्या फियाट बोगीत डिस्क ब्रेक असतात, त्यामुळे तिथे तेवढी धूळ नाही. दोघांना एकच तपकिरी फासणं चूक. डिझेल इंजिनाच्या छतावर काजळी धुराड्याभोवती दाट आणि मागे पातळ होत जाते. अंगावरचे ओघळ पाऊस वाहतो तसे, वरून खाली.

आपल्या भागात आणखी एक फरक करता येतो. लोंढ्याकडून कॅसलरॉकचा घाट उतरणाऱ्या गाडीवर जांभ्या मातीची लाली हवी. घटप्रभा-रायबागकडे काळी माती, तिथली धूळ करडी. मालगाडी करत असाल तर घाटातून दोन मालांची ये-जा होत आली आहे: मुरगाव बंदराकडे लोहखनिज आणि तिथून वर कोळसा. खनिजाच्या वाघिणीच्या काठावर गेरूसारखी लाली, कोळशाच्या वाघिणीत काळी पूड.

त्यासाठी खानापूरची खरी माती वस्त्रगाळ करून वापरायचा मोह होतो. पण तिचे कण मापाला मोठे पडतात, आणि लाल मातीत चुंबकाला चिकटणारे कण असू शकतात. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. ती माती आत ओढली गेली की गिअर खरवडतात. त्यापेक्षा चित्रकलेच्या पेस्टल खडूची पूड बारीक सँडपेपरवर घासून घ्या, मऊ ब्रशने लावा, वरून मॅट क्लिअरचा हलका फवारा मारा. माती वापरायचीच तर डब्याला, आणि आधी लोहचुंबक फिरवून बघा.

पुन्हा जोडताना

मॉडेलला वीज रुळातून चाकांमार्गे मिळते, म्हणून चाकाच्या धावेवर आणि वीज घेणाऱ्या पितळी पट्ट्यांवर रंगाचा ठिपकाही नको. फवारताना चाकं काढून ठेवा, नाहीतर धावेवर टेप लावा. जोडून झाल्यावर अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाने धाव पुसा. मग सगळ्यांत तीव्र वळणावर डबा हाताने ढकलून बघा. नवा होसपाइप बोगीला अडतो, नवी पायरी शेजारच्या डब्याला घासते, आणि हे सरळ रुळावर कधीच कळत नाही.

ठेवताना रंगावर बबलरॅप थेट गुंडाळू नका. पावसाळ्यात त्याच्या गोल खुणा कायमच्या उमटतात, स्पंजही काही महिन्यांनी चिकटतो. आधी मऊ टिश्यू, मग खोका, त्यात सिलिका जेलची पुडी, आणि खोका कपाटात वरच्या कप्प्यात, भिंतीला न टेकवता.